सेवेला निघालोय, पण तिथे जाऊन करायचं काय? (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मागच्या अंकात मी झांबियातल्या चर्चच्या हॉस्पिटलमधल्या माझ्या नर्सिंगच्या ९ वर्षांबद्दल थोडंसं लिहिलं आणि तेव्हापासून पत्रं, मेल, व्हॉट्सॲप, सगळीकडून तुमचे प्रश्न येतायत. सगळ्यांना एकाच अंकात उत्तर देणं काही जमणार नाही, पण ज्यांचं जायचं ठरतंय त्यांना आधी घेतलंय.

प्रश्न : सलाम ताई. आम्ही नाशिकचे. आमच्या मंडळीच्या तरुण संघातले १२ जण येत्या जानेवारीत १४ दिवस झांबियाला मिशन ट्रिपला जायचं म्हणतोय. लुसाकाच्या वर सेरेंजेकडे एक गाव आहे, तिथल्या चर्चशी आमच्या पाळकसाहेबांची ओळख आहे. प्लॅन असा की शाळेच्या २ खोल्या रंगवायच्या, मुलांची व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घ्यायची आणि बोअर मारून एक हापसा बसवून द्यायचा. एकूण १६ लाख जमवायचेत, त्यातले ९ लाख नुसत्या तिकिटांना जातात. यावरून आमच्यातच दोन तट पडलेत, एकजण तर सरळ म्हणतो की आपण फोटो काढायला चाललोय, त्यापेक्षा पैसे पाठवून द्या. मला जावंसं वाटतं. तुम्ही खरं काय ते सांगा.

उत्तर : सलाम बाळा. जा, आधी हेच सांगते, म्हणजे पुढचं वाचून तुला वाटायला नको की ताई अडवतायत. पण जानेवारीत जाऊ नका.

तिकडे पाऊस नोव्हेंबरला सुरू होतो तो एप्रिलपर्यंत. मका एप्रिल-मेमध्ये निघतो. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत मागच्या वर्षीची कणगी रिकामी असते आणि शेतातला मका अजून हिरवा असतो, गावाचे हे उपासमारीचे दिवस. आणि ही माणसं अशी आहेत की पाहुणा आला की घरात असेल नसेल ते पुढे ठेवणार, बाई गुडघे टेकून ताट ठेवते तुमच्यासमोर, आणि ते १२ जणांचं १४ दिवसांचं पीठ कुणाच्या तरी पोरांच्या तोंडचं असतं हे तुम्हाला कुणीही सांगणार नाही. त्यात मलेरिया याच दिवसांत सगळ्यात जास्त, कच्चे रस्ते चिखलाने बंद. त्यापेक्षा मेच्या सुट्टीत जा. सुगी झालेली असते, लोकांच्या हातात वेळ असतो आणि पाहुण्याला जेवू घालताना घरच्या बाईच्या पोटात गोळा येत नाही. स्वेटर मात्र न्या, मे संपत आला की त्या पठारावर रात्री चांगलीच थंडी पडते.

आता दुसरं. ही यादी केली कुणी? रंग, व्हीबीएस, हापसा. नाशिकमध्ये बसून तुम्ही केली की त्या गावातल्या मंडळीने मागितलं? तुझ्या पत्रात ते कुठेच नाहीये म्हणून विचारते. हापशाचं तर मी जरा सविस्तरच सांगते, कारण त्यावरून मी स्वतः खूप शिकले.

मला जाऊन दोनेक महिने झाले असतील. आम्ही लहान मुलांच्या क्लिनिकला एका गावात गेलो होतो, आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगायचा आणि एकेक लेकरू त्या चड्डीसारख्या झोळीत घालून वजन करायचं, असं ते क्लिनिक. त्या दिवशी हगवणीची मुलं एकामागून एक येत होती. मी विचारलं पाणी कुठून आणता, तर ओढ्यावरून. आणि माझ्यापासून पन्नास पावलांवर हापसा उभा! मी जवळ जाऊन बघते तर काय, तोच आपला हापसा, माझं आजोळ जालन्याकडचं, तिथे मारुतीच्या पारामागे अगदी असाच होता, तोच तिपाई पाया, तेच चौकोनी डोकं, आत साखळी, तोच लांब दांडा. मी दांडा मारला, तो हलका पडला, वर खाली नुसता हलत राहिला. सिमेंटच्या ओट्यावर ज्यांनी पैसे दिले त्या ग्रुपचं नाव आणि तारीख कोरलेली होती. बंद पडून ७ महिने झाले होते.

बिघडलं काय होतं? खाली सिलिंडरमधला चामड्याचा वायसर झिजला होता. एवढासा तुकडा, किंमत काहीच नाही. पण या हापशात तो वायसर बदलायचा तर वरचे सगळे लोखंडी पाइप एकेक करून उपसून काढावे लागतात, ३-३ मीटरचे ते जड पाइप, त्याला खास पाने आणि क्लॅम्प लागतात, चार-पाच धडधाकट माणसं लागतात आणि एक शिकलेला मिस्त्री लागतो. मिस्त्री होता, ४० किलोमीटरवर. त्याच्याकडे हत्यारं नव्हती, कारण हापसा देणाऱ्यांनी हापसा दिला, हत्यारं कुणी दिलीच नाहीत, आणि दर महिन्याला घरटी थोडे पैसे जमवून ठेवायचे ही पद्धतही कुणी बसवून दिली नाही. दुरुस्त करायला आम्हाला एक सकाळ लागली. त्या सकाळी पहिली बादली भरली तेव्हा बायका ओंजळीने टाळ्या वाजवत खाली बसल्या होत्या, तिकडची आभार मानायची ती रीत, आणि मला सारखी ती हगवण लागलेली पोरं डोळ्यासमोर येत होती.

हा हापसा आपल्याकडचाच आहे हे तुमच्या संघात जरूर सांग. पूर्वी आपल्या खेड्यांत जे बिडाचे पंप बसवायचे ते परदेशातल्या एकेका शेतघरासाठी बनवलेल्या पंपांच्या नकला होत्या, एका कुटुंबाने दिवसातून दहा-वीस बादल्या काढायच्या हिशोबाचे. आपल्याकडे अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याला लटकायचं, तो कसा टिकणार. तेव्हा जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचं बोअरिंगचं काम चालायचं, त्या लोकांनी बीड सोडून पोलाद घेतलं आणि दांडा एकाच मजबूत खिळीवर फिरेल असा पंप केला. मग सोलापूरला मिशनच्याच माणसांनी त्यात आणखी सुधारणा केली. आणि १९७०च्या दशकात सरकार आणि युनिसेफने मिळून त्या सोलापूरच्या पंपावरूनच इंडिया मार्क टू बनवला, तोच आज झांबियात, युगांडात गावोगाव उभा आहे. मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, ती जालन्या-सोलापूरची माणसं पंप बसवून निघून गेली नाहीत. तो मोडला, तो का मोडला ते बघायला ती तिथेच होती.

म्हणून पाणी द्यायचंच असेल तर आधी तिथल्या पाळकांना विचारा की आसपास बंद पडलेले हापसे किती. नवीन बोअरच्या पैशात जुने कितीतरी चालू होतील. एक हत्यारांचा पूर्ण संच, सुटे भाग, आणि गावातल्या दोन बायका नि दोन पुरुषांचं दुरुस्तीचं ट्रेनिंग, तेही तिथल्याच मिस्त्रीकडून, त्याची मजुरी देऊन. तुमच्यातल्या कुणाला हात काळे करायचे असतील तर त्याच्या हाताखाली पाइप ओढा. नाव कोरू नका.

शाळेचा रंग गावातला रंगारी देईल, त्याला पैसे द्या, त्याचीही चूल पेटेल. व्हीबीएस तिथले संडे स्कूलचे शिक्षक घेतील आणि तुम्ही मदतीला बसा, कारण भाषा त्यांची आहे, सेरेंजेकडे लाला बोलतात, बेम्बाच्या जवळची. आणि १२ जणांऐवजी ५ जण जा. तिकिटांचे वाचलेले पैसे तिथल्या मंडळीला द्या, त्यांचा हिशोब त्यांच्या पद्धतीने येऊ दे. ते काम तुम्ही परत आल्यावरही चालू राहणारं असलं पाहिजे, एवढं एकच बघा.

मग जायचंच कशाला, पैसेच पाठवू, असं तुमचा तो मित्र म्हणेल. त्याला मी शरणपूरची गोष्ट सांगेन. तुम्ही नाशिकचे, शरणपूर रोडवरून रोज जात असाल. १९व्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता आणि ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवून तिथे आणायचे. ती मुलं आपल्या नाशकात वाढली, अक्षरं शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये चितांबोच्या गावात वारला, म्हणजे तुम्ही जाताय त्याच सेरेंजेच्या उत्तरेला, तेव्हा त्याच्या सोबतच्या आफ्रिकन माणसांनी त्याचं हृदय तिथे झाडाखाली पुरलं, आणि त्या वेळी प्रार्थना वाचली ती नाशकात शिकलेल्या या जेकबने, झाडावर नावही त्यानेच कोरलं. मग त्याचे जुने सोबती चुमा आणि सुसी यांच्या पुढारपणाखाली ते सगळे तो देह घेऊन दीड हजार किलोमीटरच्या वर चालत समुद्रापर्यंत गेले. त्यातला चुमासुद्धा मुंबईला मिशनरी डॉ. विल्सन यांच्या शाळेत राहिलेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांमध्ये जेकब होता. आणि नाशकातली पुष्कळ मुलं पुढे मोंबासाजवळ फ्रिअर टाउनला, सोडवलेल्या गुलामांच्या वसाहतीत गेली, तिकडच्या पहिल्या आफ्रिकन सुवार्तिकांमध्ये आणि शिक्षकांमध्ये नाशिकची माणसं होती.

म्हणजे बघ, आपण काही पहिल्यांदा काहीतरी द्यायला चाललेलो नाही. हे नातं दीडशे वर्षांचं आहे आणि त्यात जास्त वाट त्यांनीच तुडवलीय. नातेवाइकांकडे माणूस पैसे पाठवून थांबत नाही, भेटायला जातो. एवढ्यासाठी जा.

तब्येतीचं थोडक्यात. यलो फीव्हरची लस निघायच्या बरीच आधी घ्या, सर्टिफिकेट लसीनंतर १० दिवसांनी लागू होतं आणि विमान कुठे बदलताय त्यावरही ते विचारलं जातं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि डॉक्सीसायक्लिन असेल तर परत आल्यावरही ४ आठवडे चालू ठेवा, आपली पोरं मुंबईला उतरली की गोळ्या फेकून देतात. रोज मच्छरदाणीत झोपा. तळ्यात, संथ पाण्यात पोहायला उतरू नका, बिल्हार्झिया होतो, पाण्यातून कातडीवाटे अंगात शिरणाऱ्या जंतांचा आजार. आणि परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की मी आफ्रिकेतून आलोय.

प्रश्न : ताई, आम्ही वसईचे. आमच्या पॅरिशमधून एक ग्रुप झांबियाला जातोय तर आम्ही बायकांनी जुने पण चांगले कपडे जमवलेत, जवळजवळ २०० किलो झालेत. न्यायचे कसे ते सांगा, कार्गो खूप महाग पडतंय.

उत्तर : नेऊ नका गं बायांनो. मला माहितीय तुम्ही प्रेमाने धुऊन, इस्त्री करून घड्या घातल्या असतील. पण तिकडे जुन्या कपड्यांचा डोंगर आधीच आहे. त्याला नावच आहे, सलाउला, बेम्बा शब्द आहे, ढिगात हात घालून निवडणं असा त्याचा अर्थ. गावच्या बाजारात बाया जमिनीवर ढीग ओतून बसतात. १९९०च्या दशकात बाहेरून असे कपडे प्रचंड प्रमाणात यायला लागले आणि त्याच काळात तिथल्या कापडगिरण्या एकेक करत बंद पडल्या. कपड्यांना आता तिथे तोटा नाही.

तुमचे कपडे इथेच द्या, पालघरकडच्या वीटभट्ट्यांवर किती लेकरं थंडीत उघडी असतात. आणि कार्गोचे जे पैसे वाचतील त्यातून तिथल्याच शिवणकाम करणाऱ्या बाईकडून शाळेचे युनिफॉर्म शिवून घ्या. तिकडे बऱ्याच शाळांमध्ये फी नसली तरी युनिफॉर्मपायी मुली घरी बसलेल्या मी पाहिल्यात. तुमच्या ग्रुपमधल्या बायकांना सांगा की तिकडे गेल्यावर चितेंगे विकत घ्या, कमरेला गुंडाळतात ते छापील कापड, आणि उपासनेला ते नेसून बसा. गावातल्या बायका किती खूश होतात ते बघालच.

प्रश्न : मी मिरजेला बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा मेडिकल कॅम्प आहे तिकडच्या खेड्यात, ३ दिवसांचा. लीडर म्हणतात तिथे कुणी विचारत नाही, तुला डिलिव्हरीसुद्धा करायला मिळतील. मला शिकायला मिळेल म्हणून आनंद झालाय पण आतून भीतीही वाटते. बरोबर आहे का हे?

उत्तर : तुझी भीती बरोबर आहे, तिचं ऐक. जे काम तुला मिरजेच्या वॉर्डात एकटीने करायची परवानगी नाही ते तिथल्या बाईवर करायचं नाही. तिचं बाळंतपण हा तुझा सराव नाहीये. आणि कुणी विचारत नाही हे तर साफ खोटं आहे, झांबियात नर्सिंगची कौन्सिल आहे, रजिस्ट्रेशन लागतं, मलाही ते करूनच काम मिळालं.

हे मी तुला रागाने नाही सांगत. मी स्वतः शिकलेली, रजिस्टर्ड, ८ वर्षांचा अनुभव घेऊन गेलेली, तरी पहिल्याच महिन्यात चुकले. एक बाई फार उशिरा आली, मूल आडवं होतं, आणि मी तिला सगळ्यांसमोर बोलले की एवढा वेळ काय करत होतीस. ती काही बोलली नाही, मान खाली घालून बसली. तिथल्या सिस्टरने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की ती परवा सकाळी निघाली होती, सासू सोबत, चालत. बाळ वाचलं नाही. मी तिची माफी मागायला गेले तर तिनेच माझा हात धरला. अजून आठवलं की झोप लागत नाही.

३ दिवसांच्या कॅम्पमध्ये गोळ्या वाटून तुम्ही निघून जाल आणि चौथ्या दिवशी ज्याला रिॲक्शन येईल त्याला कोण बघणार? म्हणून लीडरना म्हणावं की तिथल्या मिशन हॉस्पिटलला किंवा हेल्थ सेंटरला लिहा, ते म्हणतील त्या दिवशी, ते म्हणतील ते काम. तिथे चर्चच्या दवाखान्यांची १९७० पासूनची एक मोठी संघटना आहे, चाझ म्हणतात तिला, सगळं व्यवस्थित चालतं. चिकांकाताच्या साल्व्हेशन आर्मी हॉस्पिटलने तर १९८०च्या दशकातच एड्सच्या पेशंटना घरी जाऊन बघायची पद्धत बसवली आणि जगभरातले लोक ती शिकायला तिथे यायचे. तूही शिकायलाच जा. बऱ्याच हॉस्पिटलांच्या आवारात मदर्स शेल्टर असतं, लांबच्या गावच्या पोटुशा बाया दिवस भरत आले की तिथे येऊन राहतात, स्वतः रांधून खातात. तिथे त्यांच्यात बसून मका निवड, पाणी भर, त्या काय काय सांगतात ते सिस्टरकडून समजून घे. माझं अर्धं शिक्षण तिथे झालंय.

प्रश्न : मी ख्रिश्चन नाही, पुण्याचा, तुमचं मासिक शेजाऱ्यांकडे येतं तेव्हा वाचतो. मनात आलं ते विचारतो, राग मानू नका. अशा ट्रिपा म्हणजे गरिबांना मदत दाखवून धर्म बदलायला लावायचा असंच ना?

उत्तर : राग कशाला दादा, सरळ विचारलंत ते बरं वाटलं. झांबियापुरतं सांगते. तिथल्या २०१० च्या जनगणनेत ९५ टक्क्यांहून जास्त लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती लिहिलाय, तो देश राज्यघटनेतच स्वतःला ख्रिस्ती राष्ट्र म्हणवतो. आणि आपल्या महाराष्ट्रात आम्ही १ टक्कासुद्धा नाही. त्यामुळे आम्ही तिथे जाऊन कुणाला ख्रिस्ती करणार, उलट विश्वास कसा असतो ते आम्हीच बघून येतो. २०२४ मध्ये तिकडे इतका भयंकर दुष्काळ पडला की सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. तेव्हा माझ्या ओळखीच्या एका बाईने मला व्हॉइस मेसेज पाठवला, मका सगळा जळाला असं एका वाक्यात सांगितलं आणि बाकी सगळा मेसेज त्यांच्या चर्चमधल्या कॉयरचं गाणं.

पण तुमचा प्रश्न मी टाळत नाही. पिठाची पिशवी एका हातात आणि बाप्तिस्म्याचा फॉर्म दुसऱ्या हातात असं कुणी करत असेल तर ते पाप आहे, ख्रिस्ताच्या नावाने केलं म्हणून ते कमी होत नाही. आम्ही हॉस्पिटलात कुणाला औषधाआधी धर्म विचारला नाही. कुणी विचारलं की तू इतक्या लांबून का आलीस, तर मी येशूबद्दल सांगायचे, कारण खरं कारण तेच होतं.

प्रश्न : ताई, माझी मुलगी मागच्या महिन्यात तिकडून ३ आठवडे राहून आली. तेव्हापासून गप्प आहे. जेवताना ताटाकडे बघत बसते. परवा तिच्या भावाच्या लग्नाच्या हॉलचं ठरत होतं, तर पैशाचा आकडा ऐकून उठून आत गेली आणि रडली. तिचे पप्पा चिडलेत, म्हणतात उगाच पाठवली. मी काय करू? – एक आई, नगर

उत्तर : तिला काही झालेलं नाही ताई, ती अजून पूर्ण परत आलेली नाही एवढंच. मला सहा महिने लागले होते. सुपरमार्केटमध्ये पिठाच्या वीस प्रकारच्या पिशव्या बघून मी ट्रॉली तिथेच सोडून बाहेर आले होते.

तिला प्रश्न विचारू नका की कसं होतं, किती गरिबी होती. त्याला उत्तर देता येत नाही. तिच्या पप्पांना सांगा लग्नाचा विषय दोन आठवडे तिच्यासमोर काढू नका. झोपत नसेल, खात नसेल, असं महिनाभर चाललं तर डॉक्टरांना दाखवा. नाहीतर एक करून बघा. पांढऱ्या मक्याचं पीठ मिळतं का बघा आणि तिला म्हणा, आज तू आम्हाला नशिमा करून घाल. तिला येत असणार, तिथे गेलेल्या प्रत्येक मुलीला बायका चुलीपाशी बसवतात. आधी पातळ पेज शिजवायची, झाकून रटरटू द्यायची, मग वरून पीठ घालत लाकडी दांड्याने घोटायचं, हात भरून येईपर्यंत. सोबत तुम्ही पालेभाजी करा, शेंगदाण्याचं कूट जरा सढळ हाताने घालून, तिकडे त्याला इफिसाशी म्हणतात आणि चव जवळजवळ आपल्यासारखीच असते. जेवायच्या आधी ती तुमच्या हातावर पाणी घालेल, तिथली पद्धत आहे, वयाने लहान असेल त्याने मोठ्यांच्या हातावर घालायचं. घालू द्या. पप्पांनाही बसवा. घोटता घोटता ती आपण होऊन बोलायला लागेल, कुणाच्या घरी शिकली, त्या बाईचं नाव काय, तिला मुलं किती. तेवढं ऐकून घ्या.